अंगठीतला पिवळा हिरा: लॉकर, मोडी वही, लॅब आणि पुन्हा कोंदण

घरात रंगीत हिऱ्याची जुनी अंगठी आहे आणि तिचं पुढे काय करायचं ते कळत नाही, अशा लोकांसाठी हे लिहिते आहे. आमच्याकडची अंगठी मार्च २०२५ मध्ये लॉकरमधून बाहेर निघाली आणि सगळे सोपस्कार उरकून ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा लॉकरमध्ये गेली. बँक, सराफ, मोडी वाचणारे गृहस्थ, मुंबईची लॅब, मूल्यांकक आणि सीए यांच्याकडून जे तुकड्यातुकड्यांनी कळलं, ते घडलं त्याच क्रमाने देते.

अंगठी अशी आहे: मध्ये एक गोल पिवळा हिरा, भोवती आठ बारीक रोझ कट हिरे, वरचा भाग प्लॅटिनमचा आणि खालची कडी सोन्याची. हा हिरा पेशवाईतला, गोवळकोंड्याच्या खाणीतला, असं घरात कायम सांगितलं जायचं. पुण्यात हे ऐकून कोणी दचकत नाही. इथे बऱ्याच घरांतल्या नथीसुद्धा पेशव्यांनीच दिलेल्या असतात.

लॉकर सासूबाईंच्या एकटीच्या नावावर होता आणि नामनिर्देशन माझ्या नवऱ्याचं होतं. सासूबाई गेल्यावर बँकेने मृत्यूचा दाखला, नवऱ्याची ओळखपत्रं आणि लॉकरचा करारनामा मागितला. ११ मार्चला बँकेचे अधिकारी आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर लॉकर उघडून आतल्या वस्तूंची यादी झाली. ही यादी जपून ठेवा. दागिना कोणाकडून, कधी, कोणाच्या हातात आला याचा हा पहिला पक्का कागद असतो. फक्त बँक 'सोनं' किंवा 'हिरा' असं लिहीत नाही, 'पिवळ्या धातूची अंगठी, पिवळा खडा' एवढंच लिहिते. ते बरोबरच आहे, कारण पारख करणं तिचं काम नाही. पण खड्यांची संख्या लिहून घ्यायला कोणाची हरकत नसते. आमच्या यादीत 'मोठा खडा १, लहान खडे ८' असं आहे आणि पुढे मूल्यांककाने नेमकं तेच वाक्य उचललं.

नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, ती वारसांच्या वतीने वस्तू ताब्यात घेते. सासरे आधीच गेले होते, त्यामुळे वारस दोघंच, नवरा आणि नणंद. अंगठी नणंदेकडे जाणार हे बोलण्यात ठरलं होतं, पण बोलणं विमा कंपनीला दाखवता येत नाही. नणंद परदेशी असते. ती मे महिन्यात पुण्यात आली तेव्हा ५०० रुपयांच्या मुद्रांकावर दोघांच्या सहीचं संमतिपत्र करून नोटरी केलं. त्यात अंगठीचं वर्णन, वजन आणि फोटो जोडला. ती इथे असतानाच हे उरकलं म्हणून बरं, नाहीतर तिकडच्या वकिलातीतून सही साक्षांकित करून आणावी लागली असती. वारसाने मिळालेल्या दागिन्यावर मिळतेवेळी प्राप्तिकर नाही. कर येतो तो विकताना, आणि त्याची तयारी आत्ताच करावी लागते. ते पुढे येईलच.

सराफाकडे नेण्याआधी अंगठी घरी नीट पाहून घ्यावी. लागतं काय, तर दहापट मोठं दाखवणारं भिंग, डिजिटल कॅलिपर, शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणि ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च. चारही वस्तू मिळून तीन-चार हजारांत येतात. भिंगाखाली दिसणारे आतले ठिपके, रेघा, कंबरेवरचे (म्हणजे हिऱ्याच्या सगळ्यात रुंद कडेवरचे) टवके यांचं कागदावर चित्र काढा. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल. हिरा दुसऱ्याच्या हातात जाऊन परत येतो तेव्हा तो तोच आहे हे ओळखायची ही खूण. फोटो सकाळी खिडकीजवळ, पांढऱ्या कागदावर, थेट ऊन न घेता काढा. दुकानातल्या दिव्यांखाली पिवळा हिरा वेगळाच दिसतो.

बसवलेल्या गोल हिऱ्याच्या वजनाचा अंदाज मापांवरून काढता येतो. सरासरी व्यासाचा वर्ग गुणिले उंची गुणिले ०.००६१, मापं मिलिमीटरमध्ये, उत्तर कॅरटमध्ये. आमचा व्यास ६.९ आणि उंची ४.५ भरली, म्हणजे सुमारे १.३१ कॅरट. उंची मोजायला कोंदण मागून उघडं हवं. मागून बंद असेल तर अंदाज सोडून द्या, आणि सावधही व्हा. जुन्या बंद कोंदणांत हिऱ्यामागे रंगीत पत्रा घालायची पद्धत होती. तसं असेल तर समोरून दिसणारा रंग पत्र्याचाही असू शकतो.

पैलूंवरून काळाचा अंदाज येतो. वरचा सपाट भाग लहान, माथा उंच, आणि खालचं टोक अणकुचीदार नसून तिथे छोटा पैलू, तो वरून पाहिला की बारीक वर्तुळासारखा दिसतो. ही ठेवण ओल्ड युरोपियन कटची. तिचा काळ ढोबळमानाने १८९० ते १९३०. पेशवाई १८१८ मध्ये संपली. म्हणजे हिरा पेशवाईतला असलाच, तर नंतर कोणीतरी तो नव्याने घासून घेतला असं धरावं लागेल, आणि त्याचा कागद हवा.

मेच्या शेवटी सराफांकडे गेलो. लक्ष्मी रोड आणि सोन्या मारुती चौकाच्या परिसरात जुन्या पेढ्यांपासून नव्या शोरूमपर्यंत सगळं आहे, पण रंगीत हिरा रोज हाताळणारे फार थोडे. एका दुकानात टेस्टर पेन लावून ऐकवण्यात आलं, "ताई, हिरा खरा आहे, पण पिवळट माल आहे. याला उठाव नाही. बदल्यात नवीन पांढरा घेऊन टाका." हे वाक्य नीट समजून घ्या, कारण ते पूर्ण खोटं नाही. पांढऱ्या हिऱ्यांची रंगश्रेणी डीपासून झेडपर्यंत जाते आणि झेडकडे जाताना पिवळेपणामुळे किंमत उतरते. पण पिवळेपणा झेडच्या पलीकडे गेला की तो हिरा 'फॅन्सी' वर्गात जातो आणि गणित उलटतं, रंग जितका गडद तितकी किंमत जास्त. फॅन्सी लाइट, फॅन्सी, फॅन्सी इंटेन्स, फॅन्सी व्हिव्हिड अशा पायऱ्या आहेत, डीप आणि डार्क वेगळे. आपला हिरा या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे काउंटरवर कोणी सांगू शकत नाही. ते लॅबमध्येच ठरतं. तोपर्यंत मोड, बदली, 'जरा पॉलिश करून देतो' या सगळ्याला नाही म्हणायचं.

टेस्टर पेनबद्दलही थोडं. ते उष्णता किती वेगाने वाहते ते मोजतं. काच आणि झिरकॉन त्याला कळतात, पण साध्या पेनला मोइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा फसवतो, आणि लॅबमध्ये तयार केलेला हिरा तर हिराच असल्यामुळे तिथे 'खरा' म्हणूनच दिसतो. रंगावर प्रक्रिया झाली आहे का, याचा तर त्याला पत्ताच नसतो.

धातूची तपासणी सगळ्यात सोपी आणि स्वस्त. बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रावर सामान्य ग्राहकालाही दागिना तपासून मिळतो, चार नगांपर्यंत २०० रुपये. क्ष-किरणांनी पाहतात, वितळवत नाहीत. कडी १८ कॅरटची आणि वरचा भाग प्लॅटिनमचा निघाला. आतल्या बाजूला इंग्रजीत '१८ सीटी' आणि 'प्लॅट' असे झिजलेले ठसे होते, बाकी चिन्ह नाही. ब्रिटनमध्ये घडलेली अंगठी असती तर सोन्यावर तिथल्या तपासणी कार्यालयाचं चिन्ह आणि बहुधा वर्षाचं अक्षर असतं (बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, लंडनचा बिबट्याचा मुखवटा), आणि काळ एका फटक्यात ठरतो. भारतात सोन्याचं हॉलमार्किंगच २००० साली सुरू झालं, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या दागिन्यावर असं काही शोधत बसू नका. आणखी एक खूण सांगते. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनंतर काही वर्षं १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी होती. घरातला एखादा दागिना अनपेक्षितपणे १४ कॅरटचा निघाला तर त्या काळाचा विचार करून पाहा.

जून महिना कागद शोधण्यात गेला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारात तोच सगळ्यात मोलाचा होता. घरातल्या जमाखर्चाच्या वह्या मोडीत होत्या. मोडी वाचणारी माणसं पुण्यात मिळतात. भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी केली तर दिशा कळते, आणि खासगी वाचक पानामागे पैसे घेतात. अख्खी वही देऊ नका. आधी वर्षं निवडा, मग फक्त दागिन्यांच्या खरेदीची पानं मोबाइलवर सरळ वरून फोटो काढून पाठवा. आमची नोंद शके १८४९ च्या वहीत निघाली, म्हणजे १९२७-२८. शकात ७८ मिळवायचे आणि जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतच्या मितीसाठी ७९. नोंद अशी: मुंबईच्या जव्हेऱ्याकडून अंगठी १, पिवळा हिरा १, वजन रती २।, सभोवती बारीक हिरे ८, एकूण वजन मासे ४.

आता यात गोम आहे. रती म्हणजे कोणती रती? सोन्याच्या तोळ्याची रती १२१.५ मिलिग्रॅमची, कारण ८ रतींचा मासा, १२ माशांचा तोळा आणि तोळा ११.६६४ ग्रॅमचा. रत्नांच्या बाजारात मात्र सुमारे १८२ मिलिग्रॅमची रतीही चालते. दोनच्या पुढचा तो दंड म्हणजे पाव, तेव्हा सव्वादोन रती. पहिल्या हिशेबाने १.३७ कॅरट होतात, दुसऱ्या हिशेबाने दोनच्या वर. आमच्या हिऱ्याचा अंदाज १.३१ होता. पहिला हिशेब जुळतो, दुसरा अजिबात नाही. पण जुळतो म्हणून तोच खरा मानणं चुकीचं झालं असतं. बरं झालं, त्याच पानावर सोन्याच्या बांगड्या तोळे-मासे-रतीत होत्या, म्हणजे लिहिणाऱ्याने एकच माप वापरलं होतं. चार मासे म्हणजे ३.८९ ग्रॅम, आणि आज अंगठी ३.७४ ग्रॅम भरते. शंभराच्या आसपास वर्षांच्या वापरात एवढी झीज समजण्यासारखी आहे. खड्यांची संख्या, रंग, वजन आणि एकूण वजन अशा चार गोष्टी एकत्र जुळल्या तेव्हाच ती नोंद या अंगठीची म्हणता आली. आधीच्या एका वहीत 'हिऱ्याची अंगठी १' अशीही नोंद आहे. घरातल्या काकांना तोच पेशवाईपर्यंत नेणारा धागा वाटतो. रंग नाही, वजन नाही, त्यामुळे ती कुठल्याही अंगठीची असू शकते. आम्ही ती फाइलमध्ये लावली नाही.

दुसरा उपयोगी कागद सासऱ्यांच्या कराच्या गठ्ठ्यात मिळाला. संपत्ती कर होता तेव्हा (तो आकारणी वर्ष २०१६-१७ पासून रद्द झाला) दागिन्यांचं मूल्य दाखवावं लागे आणि मोठ्या रकमेला नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल जोडत. तसा १९९२ चा अहवाल होता: 'यलो डायमंड, अंदाजे १.३० कॅरट, बसवलेला'. ज्यांच्या घरी जुनी विवरणपत्रं आहेत त्यांनी रद्दीत घालण्याआधी हे गठ्ठे जरूर पाहावेत. लग्नाच्या फोटोंचा उपयोग बेताचाच. कृष्णधवल फोटोत अंगठीचा घाट दिसतो, हिरा पिवळा की पांढरा ते दिसत नाही.

पेशवे दफ्तरात शोधा, असा सल्ला अनेकांनी दिला. तिथला साठा अफाट आहे आणि हातात पूर्वजाचं नाव, गाव, वर्ष, इनाम यांपैकी काही नेमकं असेल तरच जाण्यात अर्थ आहे. १९२७ च्या आधी हा हिरा कोणाकडे होता याचा आमच्याकडे एकही धागा नव्हता. तो तिथे गेल्याने तयार होणार नव्हता.

पेशव्यांचा हिरा कागदावर कसा दिसतो याचं उदाहरण हवं असेल तर नासक हिरा घ्या. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला हा हिरा दुसऱ्या बाजीरावाकडून १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला, १८३१ मध्ये लंडनला लिलावात निघाला आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने त्याला नव्याने पैलू पाडले. ऐंशी कॅरटांचा हिरा ४३.३८ कॅरटांवर आला. आकार बदलला, वजन जवळजवळ निम्मं झालं, तरी तो नासक आहे हे आज ठामपणे सांगता येतं, कारण प्रत्येक टप्प्याची नोंद आहे. होप हिऱ्याचंही तसंच. १७९२ मध्ये चोरीला गेलेल्या फ्रेंच राजघराण्याच्या निळ्या हिऱ्यातूनच तो कापला आहे याला बळकट पुरावा मिळाला तो पॅरिसच्या संग्रहालयात २००७ मध्ये सापडलेल्या शिशाच्या प्रतिकृतीतून. म्हणून जुना हिरा नव्याने कापून 'जास्त चमकदार' करण्याचा मोह टाळावा. पिवळ्या हिऱ्याच्या बाबतीत हा आग्रह हमखास होतो, कारण रेडियंटसारख्या आधुनिक कटात समोरून रंग गडद दिसतो. वजन तर जातंच, पण जुन्या नोंदींशी जोडणारी मापंही जातात.

जुलैत लॅबची तयारी. इथे ठरवायचं असतं की हिरा काढायचा की अंगठीसकट तपासायचा. काही लॅब अंगठीसकट दागिन्याचा अहवाल देतात, तो स्वस्त आणि लवकर मिळतो. पण जीआयएसारख्या (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) लॅबचा पूर्ण दर्जा-अहवाल फक्त सुट्या हिऱ्याला मिळतो, आणि रंगीत हिऱ्यात सगळी किंमत रंगाच्या पायरीवर असल्यामुळे सुटा करणंच योग्य. सोन्याच्या पकडीत पिवळा हिरा आहे त्यापेक्षा गडद दिसतो, मागे साचलेला मळही रंग बदलतो.

हिरा काढणं हे जोखमीचं काम आहे. हिरा कठीण असला तरी ठरावीक दिशेने फटका बसला तर चिरतो, आणि जुन्या कटाची कंबर काही ठिकाणी सुरीसारखी पातळ असते. रविवार पेठेतल्या एका जुन्या कारागिराकडे समोर बसून काढून घेतला. सूचना तीन दिल्या होत्या: आधी अल्ट्रासॉनिकमध्ये (कंपनांनी दागिने धुणाऱ्या यंत्रात) टाकू नका, पकडीची नखं कापू नका तर हळूहळू उचला, आणि तुटलेला कण टाकू नका. दोन नखं झिजून कागदासारखी झाली होती, त्यातलं एक तुटलंच. काढल्यावर तिथेच वजन केलं: १.३४ कॅरट. मापांवरून काढलेल्या अंदाजात आणि खऱ्या वजनात एवढा फरक पडतोच, जुन्या कटात माथा उंच असल्यामुळे तो जास्तीच्या बाजूला जातो. आता सव्वादोन रतीशी पुन्हा ताडून पाहा. १.३४ कॅरट म्हणजे २.२ रती, पाव रतीच्या वजनांनी तोलणारा माणूस सव्वादोनच लिहील.

लॅबची कार्यालयं मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात, भारत डायमंड बोर्सच्या आसपास आहेत. साध्या कुरिअरने पाठवू नका, बहुतेकांच्या अटींत रत्नं वगळलेली असतात. एक तर विम्यासह मौल्यवान माल नेणाऱ्या कंपनीमार्फत पाठवा, नाहीतर स्वतः जा. आम्ही स्वतः गेलो. हिरा कागदाच्या घडीत, घडी डबीत, डबी अंगावर, बॅगेत नाही. आधार आणि पॅन लागतं. काउंटरवर हिरा तुमच्यासमोर तोलतात आणि पावतीवर वजन, मापं, घोषित मूल्य आणि कुठली सेवा हवी ते छापतात. पावतीवरचं वजन आपल्या वजनाशी जुळतंय का ते तिथेच पाहा. घोषित मूल्य फार कमी लिहू नका. हरवला तर भरपाईचा हिशेब त्यावरच होतो.

सेवा निवडताना दोन नावांत गल्लत होते. एक अहवाल फक्त रंग आणि त्याचा उगम सांगतो, दुसरा पूर्ण असतो, त्यात शुद्धता, मापं, प्रकाशमानता (अतिनील प्रकाशात हिरा किती चमकतो ते) सगळं येतं. पूर्ण घ्या. आमचा खर्च जीएसटी धरून पंधरा हजारांच्या आत राहिला. कंबरेवर लेझरने अहवालाचा क्रमांक कोरून घेण्याचे थोडे पैसे वेगळे, पण ते वसूल होतात. हिरा पुन्हा बसवल्यावर अहवाल आणि दगड यांना बांधणारी तेवढी एकच गोष्ट उरते.

अहवाल यायला महिना लागला. रंगीत हिऱ्याला पांढऱ्यापेक्षा वेळ जास्त लागतो, कारण तिथे नुसती श्रेणी लावायची नसते, रंग निसर्गाचा की माणसाने दिलेला हे सिद्ध करायचं असतं. किरणोत्साराने आणि नंतरच्या तापवण्याने पिवळा रंग आणता येतो, प्रचंड दाब आणि उष्णता देऊन आणता येतो, आणि प्रयोगशाळेत पिवळा हिरा मुळातून वाढवताही येतो. 'आमचा तर आजीच्या काळातला आहे' हा युक्तिवाद लॅबला चालत नाही, कारण मधल्या काळात दगड बदललेला असू शकतो. शिवाय विल्यम क्रुक्सने रेडियमच्या क्षारात हिरे ठेवून ते हिरवे करून दाखवले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच.

निकाल आला: फॅन्सी यलो, रंगाची विभागणी एकसारखी, रंगाचा उगम नैसर्गिक, शुद्धता व्हीएस२ (म्हणजे आतले दोष बारीक, भिंगाखालीच दिसणारे), मध्यम निळी प्रकाशमानता. पकडीत असताना एका जाणकाराने इंटेन्स सांगितलं होतं. सुटा झाल्यावर एक पायरी उतरला. जरा खट्टू झालो, पण हे नेहमीचं आहे आणि मनाची तयारी ठेवलेली बरी. कटाची श्रेणी दिलेली नव्हती. रंगीत हिऱ्यांना ती देतच नाहीत, त्यामुळे काही राहून गेलं असं समजू नका.

हा पिवळा येतो नायट्रोजनमुळे. आमच्या हिऱ्यात नायट्रोजनचे अणू एकमेकांजवळ गोळा झालेले आहेत आणि वर्णपटात ४१५ आणि ४७८ नॅनोमीटरला त्याच्या खुणा दिसतात. अणू असे गोळा व्हायला जमिनीखालच्या उष्णतेत भूगर्भीय काळ जावा लागतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पिवळ्या हिऱ्यात नायट्रोजन बहुतांशी सुटासुटा असतो. या फरकावर लॅबचा बराच भर असतो. ४१५ आणि ४७८ च्या खुणांच्या हिऱ्यांना व्यापारात 'केप' म्हणतात. १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेतून असा माल मोठ्या प्रमाणावर आला त्यावरून. हिऱ्याचा कट, अंगठीचा काळ आणि हा प्रकार एकत्र धरले तर आफ्रिकेची शक्यता जास्त वाटते. पण शक्यताच.

कारण अहवालातला 'उगम' हा रंगाचा असतो, खाणीचा नव्हे. यावर घरात बराच वाद झाला म्हणून स्पष्ट लिहिते. पैलू पाडलेला जुना सुटा हिरा पाहून तो कुठल्या खाणीतला हे कुठलीही लॅब खात्रीने सांगत नाही. जीआयएचा देश सांगणारा अहवालही पैलू पाडण्यापूर्वीचा कच्चा दगड तपासलेला असेल तरच मिळतो. 'गोवळकोंडा' हे नाव व्यापारात नायट्रोजन जवळजवळ नसलेल्या, अत्यंत पारदर्शक टाइप टूए हिऱ्यांसाठी वापरतात. ते वर्णन आहे, जन्मदाखला नाही. आमचा हिरा नायट्रोजनमुळेच पिवळा असल्याने त्या वर्णनातही बसत नाही. विकत घेऊ पाहणाऱ्या एकाने किंबर्ली प्रमाणपत्र मागितलं. ते २००३ पासून फक्त कच्च्या हिऱ्यांच्या आयात-निर्यातीला लागतं, पैलूदार हिऱ्याला नाही.

ऑगस्टमध्ये पुन्हा बसवण्याची तयारी. गणपतीच्या आधी कारागिरांकडे गर्दी असते, आणि बंगाली कारागीर दुर्गापूजेला गावी गेले की काम दिवाळीच्या तोंडावर जातं. आम्ही सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरला. तुटलेलं नख आणि झिजलेली टोकं लेझर वेल्डिंगने भरून घेतली. प्लॅटिनम १७६८ अंश सेल्सिअसला वितळतं, ज्योतीने काम केलं तर शेजारच्या हिऱ्यांना धोका. उघड्या हवेत फार तापलेला हिरा वरून जळून दुधाळ होतो. बिलावर 'ग्राहकाचा स्वतःचा हिरा, १.३४ कॅरट, अहवाल क्रमांक अमुक, फक्त मजुरी' असं लिहून घ्या. जुना प्लॅटिनमचा भाग बदलून नवीन करा, असं सांगणारे भेटतील. १९२७ च्या नोंदीशी जुळणारी अंगठी हवी असेल तर दुरुस्ती करा, बदल करू नका.

मग मूल्यांकन. पांढऱ्या हिऱ्यांना रॅपापोर्टची दरयादी आहे, फॅन्सी रंगांना तशी नाही. त्यामुळे दोन मूल्यांककांचे आकडे बरेच वेगळे येऊ शकतात. नोंदणीकृत मूल्यांकक निवडा, शुल्क आधी विचारा आणि मूल्यांकन कशासाठी हवं ते सांगा, कारण विम्यासाठीची बदली-किंमत आणि आज विकल्यास मिळणारी किंमत या वेगळ्या असतात. आणखी एक आकडा त्याच वेळी मागून घ्या: १ एप्रिल २००१ चं वाजवी बाजारमूल्य. त्याआधीपासून कुटुंबात असलेला दागिना विकला तर भांडवली नफा मोजताना ते मूल्य खरेदी-किंमत म्हणून धरता येतं. वारशाने आलेल्या दागिन्याला आधीच्या मालकाचा काळही धरला जातो, त्यामुळे नफा दीर्घ मुदतीचा. जुलै २०२४ च्या बदलानंतर त्यावर १२.५ टक्के कर आहे, महागाई निर्देशांकाचा लाभ नाही. १९९२ चा अहवाल इथे पुन्हा कामी आला, कारण २००१ चा आकडा हवेतून काढलेला दिसत नव्हता.

विमा घरविम्याखालच्या दागिन्यांच्या विभागात घेतला. अटींत 'कसं गहाळ झालं ते सांगता येत नाही' अशी हानी वगळलेली आहे का, आणि दागिना अंगावर असताना संरक्षण आहे की फक्त घरात, हे दोन मुद्दे वाचा. बँकेवर विसंबून राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच आहे.

शेवटचा मुद्दा परदेशी नेण्याचा. पुरावशेष व कलावस्तू अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षं पूर्ण झालेली कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. आमची नोंद शके १८४९ ची, म्हणजे २०२७-२८ मध्ये ही अंगठी त्या रेषेवर येते. वही सापडली नसती तर हे लक्षातही आलं नसतं. नणंद डिसेंबरात येईल तेव्हा न्यायची की नाही ते ठरवेल. नेली आणि पुढे कधी परत आणायची असेल, तर जाताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं. त्यासाठी फोटो, मूल्यांकन आणि लॅबचा अहवाल हाताशी ठेवायचा आणि उड्डाणाआधी भरपूर वेळ काढून पोचायचं. संमतिपत्र, बँकेची यादी, मोडी पानाचा फोटो आणि लिप्यंतर, १९९२ चा अहवाल, हॉलमार्किंग केंद्राची चिठ्ठी, लॅबचा अहवाल, कारागिराचं बिल, नवं मूल्यांकन, असा सगळा गठ्ठा स्कॅन करून दोघांकडे आहे. मूळ कागद अंगठीच्या लॉकरमध्ये ठेवलेले नाहीत, ते वेगळ्या जागी आहेत.